तुटलेला मॅनिफोल्ड स्टड आणि ‘दहा मिनिटांचं काम’

तेलकट हात
कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय, ‘एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड तुटला तर मधोमध भोक पाडा, ईझी-आउट घाला, फिरवा. दहा मिनिटांचं काम.’ वाचून डोकं फिरलं. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, हेडला, बसणारं धूर बाहेर नेणारं नळकांडं; स्टड म्हणजे ते आवळून धरणारा, हेडमध्ये रुतलेला आटेवाला दांडा; आणि ईझी-आउट म्हणजे भोकात घालून उलटी फिरवायची काडी. नट सोडताना स्टड तुटतो तो आटे गंजून हेडशी एकजीव झालेले असतात म्हणून. ८ मिलिमीटरच्या अख्ख्या स्टडला जो पीळ झेपला नाही, तो तुम्ही त्याच्या पोटात घातलेल्या बारीक काडीला झेपेल म्हणता? ती काडी कडक, म्हणूनच ठिसूळ. आत मोडली की साधं ड्रिल तिच्यावरून घसरतं आणि शेजारच्या मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरतं. माझं नेमकं हेच झालं. एका स्टडपायी हेड उतरवावं लागलं.

आता मी तुटलेल्या टोकावर वॉशर ठेवतो, त्यावर नट, आणि नटाच्या पोकळीतून मिग वेल्डिंग, म्हणजे विजेच्या आर्कने तार वितळवून टाका. उष्णता थेट स्टडला मिळते, गंजाची पकड सुटते. पोलादाचा टाका अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे आटे शाबूत राहतात. लाली गेली की पाव-पाव फेरा पुढे-मागे. टाका तुटला तर दुसरा नट. मागच्या वेळी तिसऱ्या नटाला स्टड करकरत बाहेर आला.

मोजून मापून
तुमचा राग समजतो, पण दोष हत्याराचा नाही. स्टड दोन तऱ्हेने तुटतो. एक तुम्ही म्हणता तो, गंजून. दुसरा गाडी चालता चालता, थकून. हा दुसरा आत घट्ट बसलेला असेलच असं नाही. सेंटर पंच (ड्रिलच्या जागेवर ठोकून खळगा पाडायचा खिळा) बरोबर मधे मारला आणि डाव्या फेऱ्याचं ड्रिल उलटं चालवलं, तर कित्येकदा ड्रिलच त्याला बाहेर घेऊन येतं. आणि स्टड हेडच्या आत खोल तुटला असेल, वेल्डिंगची टॉर्च जायला जागा नसेल, तर वेल्डिंग कुठे करणार? शिवाय वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा, हे तुम्ही लिहिलंच नाहीत.

तेलकट हात
बॅटरीचं राहिलं, मान्य. बाकी नाही. ज्याने मॅनिफोल्ड एकदाही उतरवलेलं नाही त्याला तुम्ही मधोमध पंच मारायला सांगताय! तुटलेलं तोंड तिरपं असतं, पंच घसरतो.

जुनी डिझेल
काढण्यावरून भांडताय, पण बसवताना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणूनची पेस्ट, कुणी लावतं का? मी प्रत्येक स्टडला लावतो. आजवर एकही अडकला नाही.

मोजून मापून
लावा, पण मग पुस्तकातला कोरड्या आट्यांचा टॉर्क (आवळायच्या पिळाचा आकडा) वापरू नका. टॉर्कचा साधारण ९० टक्के भाग घर्षणातच जातो, स्टड ताणायला १० टक्केच उरतो. घर्षण कमी केलंत की त्याच आकड्याला ताण कितीतरी वाढतो. नवे स्टड असेच तुटतात.

जुनी डिझेल
वीस वर्षं करतोय. एकही तुटला नाही.

मोजून मापून
कारण तुम्ही टॉर्क रेंच लावतच नाही, हाताच्या अंदाजाने आवळता. मागच्या धाग्यात तुम्हीच लिहिलं होतंत.

जुनी डिझेल
माझ्या हाताला नावं ठेवू नका! इम्पॅक्ट गनने, त्या धक्के देत फिरवणाऱ्या यंत्राने, नट ठोकणाऱ्यांना आधी विचारा. निम्मे स्टड तिथेच मरतात. नट अडला की आणखी जोर, म्हणे. तेल टाकून रात्रभर ठेवायला, नट तापवायला कुणाला वेळच नाही.

मोजून मापून
गनबद्दल शंभर टक्के सहमत. अँटी-सीझबद्दल नाही. बनवणाऱ्याने सांगितलं असेल तरच लावा, आणि त्यानेच दिलेला टॉर्क घ्या.

नवशिका
मधेच विचारतो. वेल्डिंगआधी जागा ब्रेक क्लीनरने धुतली तर चालेल?

तेलकट हात
अजिबात नको! क्लोरीनवाल्या क्लीनरचा ओलावा राहिला आणि आर्क पेटला, तर फॉस्जिन वायू तयार होतो. तो जीव घेतो. आणि बिनक्लोरीनचा पेट घेतो. तारेच्या ब्रशने घासा, बस्स.

मोजून मापून
हे बरोबर सांगितलंत. पण मूळ मुद्दा राहिलाच. तुमचा तुटलेला स्टड टोकाचा होता ना? बिडाचं मॅनिफोल्ड तापलं की लांबीत वाढतं, गार झालं की आखडतं. मधल्या स्टडना ते फार जाणवत नाही, टोकाच्यांना प्रत्येक वेळी आडवा हिसका बसतो. त्यातून मॅनिफोल्ड वाकलं असेल तर नवा स्टडही तिथेच जाणार. सरळ पट्टी लावून पाहिलीत?

तेलकट हात
नव्हती पाहिली. आत्ता लावली. मधे नीट बसते, शेवटच्या पोर्टपाशी (धुराच्या तोंडापाशी) अर्ध्या मिलिमीटरची फीलर पात, म्हणजे फट मोजायची पट्टी, सहज आत जाते. म्हणजे थंड इंजिनाची टिकटिक, जी तापल्यावर थांबायची, ती तिथूनच येत होती. मॅनिफोल्ड उद्या सपाट करायला देतो. गॅसकेट आणि सगळेच स्टड नवे घालीन, आवळताना मधून टोकांकडे जाईन. इतकं तुमचं ऐकलं. ईझी-आउट मात्र माझ्या पेटीत पुन्हा येणार नाही.