पत्त्यांतून बेरीज-वजाबाकीचा सराव : आठ वर्षांच्या मुलीसाठी खेळ सुचवा

मंडळी, मदत हवी आहे.

मुलगी तिसरीत आहे. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. शाळा इंग्रजी, खाली मैत्रिणींशी हिंदी, घरात मराठी. तिला हातच्याची बेरीज समजते, पण आठ आणि पाच किती विचारलं की अजून बोटं उघडते. वर्कशीट काढली की डोळ्यांत पाणी.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी लाइट गेली होती. सासऱ्यांनी मेणबत्तीच्या उजेडात तिला बदाम सात शिकवलं. डाव संपल्यावर हातात उरलेल्या पानांचे गुण मोजायचे होते : गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा. तिच्याकडे राजा, दश्शी, अठ्ठी आणि दुर्री राहिली होती. तिने अठ्ठी-दुर्री शेजारी ठेवली, त्यांच्यावर दश्शी, आणि म्हणाली, "वीस आणि तेरा, तेहतीस." बोटं मिटलेलीच होती. मी बघतच राहिले.

तेव्हापासून रोज पंधरा मिनिटं पत्ते. चित्रांची पानं काढून चाळीस ठेवते. बारा पानं उघडी मांडायची, बेरीज दहा होईल अशी जोडी उचलायची, रिकाम्या जागी नवी पानं. दश्शी एकटीच उचलायची. हे तिला फार आवडतं. शेवटी काही उरत नाही, त्यामुळे मध्ये चुकलं असेल तर आपोआप कळतं.

अडचण पुढे आहे. जावेचा मुलगा सहावीत आहे. दोघांनी दोन-दोन पानं उलटायची, ज्याची बेरीज मोठी त्याने चारही घ्यायची, असं खेळवलं. तो तिचीही बेरीज तिच्या आधी बोलून टाकतो. तिसऱ्या-चौथ्या हाताला ती पानं खाली ठेवून उठते. त्याला एकट्याला चार पानांतून चोवीस करायला देते (८, ३, ५, ५ असेल तर आठ त्रिक चोवीस, अधिक पाच, वजा पाच), पण त्यांना एकत्र खेळायचं असतं. वेगावर हार-जीत नसेल असा दोघांचा खेळ आहे का? आणि वजाबाकीसाठी काय करता येईल?

अजून दोन गोष्टी. सासूबाईंना पत्ते पसंत नाहीत. त्यांनी दिवाळीच्या जुगारात एका नातेवाइकाचं घर विस्कटताना पाहिलंय, म्हणून त्यांचं मन मोडायची माझी इच्छा नाही. आणि आजोबा 'एकोणपन्नास' म्हणाले की ती आधी 'उनचास' आठवते, मग 'फॉर्टी नाइन'. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसला 'वीस एक, वीस दोन' म्हणायची पद्धत आली तेव्हा मला ते खटकलं होतं. आता तिच्याकडे बघून त्यातली सोय कळते. मोजणी कोणत्या भाषेत करू द्यावी?

चिंचगुळ :
ताई, दोघांना एका बाजूला बसवा. एक्का ते दश्शी एका रंगाची बेरीज ५५ होते, चारही रंगांची २२०. चाळीस पानं पिसून गठ्ठा मध्ये ठेवा. एकेकाने पान उलटून आधीच्या बेरजेत मिळवायचं. ज्याची पाळी त्यानेच बोलायचं, दुसऱ्याने हात गुडघ्यावर ठेवायचे. शेवटी २२० आलं तर दोघं जिंकले. सुरुवात एकाच रंगाने करा, मग दोन रंग, ११०. दादाला तिच्या बरोबर उत्तराची गरज पडली की तो घाई करणार नाही, हा आमच्या घरचा अनुभव.

दुपारचीझोप :
वजाबाकीसाठी हेच ५५ वापरा. एका रंगाच्या दहा पानांतलं एक न बघता लपवायचं. उरलेल्या नऊंची बेरीज ४८ आली, तर लपलेली सत्ती. मुलांना ही जादू वाटते. आजींना पैशाची भीती असेल तर गुण चिंचोक्यांनी मोजा आणि खेळ संपला की चिंचोके डब्यात परत. भाषा तिची तिला ठरवू द्या, फक्त 'एकोण' म्हणजे एक उणे हे एकदा सांगा. 'उनचास'मधलं 'उन'ही तेच आहे.

धागाकर्ती :
मनापासून आभार. ५५ चा खेळ चार दिवस चालू आहे. चिंचोके सासूबाईंनीच धुऊन वाळवून दिले. खेळायला त्या बसत नाहीत, पण डबा त्यांच्याकडे असतो. 'एक उणे' ऐकल्यावर मुलीने एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ ओळीने म्हणून दाखवलं. एकोणऐंशीपाशी थोडी थांबली, इतकंच.

लपलेल्या पानाबद्दल एक विचारायचंय. काल नऊ पानांची बेरीज तिने ५१ केली आणि म्हणाली, "चौकी लपलीय." चौकी तर तिच्यासमोर उघडी होती. तिनेच ती पाहिली, गप्प झाली, आणि सगळी पानं पुन्हा दहा-दहाच्या जोड्यांनी लावायला लागली. ४७ आले, म्हणजे अठ्ठी. मधली चार-पाच मिनिटं दादाचे हात गुडघ्यावर होते आणि मी काही बोलले नाही. अशा वेळी कुठे चुकलं ते दाखवावं, की तिचं तिला शोधू द्यावं? शिकवणाऱ्यांपैकी कुणी सांगेल का?