स्कूबा इन्स्ट्रक्टर म्हणून परदेशात नोकरी: नाशिकहून तयारी कशी करावी?

सिडकोकर:
धाकट्या भावाचं पाडी (PADI, डायव्हिंग शिकवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) या संस्थेचं रेस्क्यू डायव्हरपर्यंत झालंय, म्हणजे डाइव्हमास्टरच्या आधीची पायरी. लॉगबुकात ४५ डाइव्ह, जवळपास सगळ्या मालवणच्या. इन्स्ट्रक्टर होऊन मालदीव नाहीतर थायलंडला जायचं म्हणतोय. एजंट म्हणतो, टुरिस्ट व्हिसावर जा, कामाचं परमिट तिथे करून देतो. पैसे मात्र आधी हवेत. जाणकारांनी सांगा.

खोलपाणी:
एजंटला आधी कटवा. मालदीवमध्ये परमिट नोकरी देणारा काढतो, उमेदवार नाही. थायलंडला नॉन-बी व्हिसा (नोकरी-व्यवसायासाठीचा) आणि वर्क परमिट दोन्ही लागतात. टुरिस्ट व्हिसावर शिकवताना सापडला तर दंड भरून परत यावं लागेल. त्यात एखाद्या विद्यार्थ्याला काही झालं, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

आता पायऱ्या. डाइव्हमास्टर, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या आधीचा व्यावसायिक कोर्स, सुरू करायला ४० डाइव्ह, संपवायला ६०. इन्स्ट्रक्टर कोर्सला बसायलाही ६०, पण परीक्षेपर्यंत १०० भरायला हव्यात. डॉक्टरांचा फिटनेस दाखला १२ महिन्यांच्या आतला. थिअरीत पाच विषय, प्रत्येकात ७५ टक्के. बहुतेकांचं घोडं फिजिक्स आणि डाइव्ह टेबलवर (किती खोलीवर किती वेळ राहायचं त्याचा तक्ता) अडतं, तेवढं घरी बसून घोटून घ्या.

खरी मेख पुढे आहे. उथळ, गढूळ पाण्यातल्या १०० डाइव्ह नियमाला चालतात, पण मालदीवचा मॅनेजर लॉगबुक चाळताना प्रवाहातल्या डाइव्ह शोधतो. तिथे चॅनेलमध्ये, म्हणजे प्रवाळांमधल्या खाचांत, पाणी ओढतं, मर्यादा ३० मीटरची, आणि पाण्यातूनच सिग्नल बॉय (बोटीला जागा दाखवणारा, दोरीला बांधलेला फुगा) वर सोडता आला पाहिजे. त्याच्या दोरीचं रीळ अडकलं तर बॉय डायव्हरलाच वर खेचतो, म्हणून रीळ बीसीडीला (अंगातलं हवा भरायचं जॅकेट) हुक करून सोडायचं नाही, हातात मोकळं धरायचं. उरलेल्या ५५ मधल्या निम्म्या तरी अंदमान किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला करा.

गंगापूररोड:
पोहण्याची तयारी नाशिकमध्ये आरामात होते. डाइव्हमास्टरला ४०० मीटर काहीही न लावता पोहायचं असतं, म्हणजे २५ मीटरच्या तलावात १६ फेऱ्या. साडेसहा मिनिटांच्या आत आलं तर पाचपैकी पाच गुण. मग मास्क, स्नॉर्केल (श्वासाची नळी), फिन्स (पायात घालायचे पंख) लावून ८०० मीटर, दमलेल्या डायव्हरला १०० मीटर ओढणं, आणि १५ मिनिटं तरंगणं, त्यातली शेवटची २ मिनिटं हात पाण्याबाहेर. ८०० मध्ये पोटऱ्यांना गोळे येतात, कारण गुडघ्यातून सायकल मारली जाते. पाय कमरेतून हलायला हवा. सार्वजनिक तलावावर फिन्स चालतात का, हे पास काढण्याआधीच विचारा.

घाटवाट:
एक भर घालतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे आणि मालवणहून येताना घाट चढावाच लागतो. डाइव्हनंतर लगेच उंचीवर जाणं धोक्याचं. दिवसात एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या असतील तर विमानासारखेच १८ तास थांबा. दुपारी शेवटची डाइव्ह आणि रात्रीची बस हा हिशोब नको.

सिडकोकर:
आभारी आहे. अर्ज कधी करायचे? आणि ऑफर आली तर काय विचारायचं?

खोलपाणी:
मालदीवचा भर हंगाम डिसेंबर ते एप्रिल, म्हणून सप्टेंबरपासूनच अर्ज टाका. थायलंडची सिमिलान बेटं साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात, तेव्हा त्या किनाऱ्यावर अर्ज टाकून उपयोग नाही.

पगार मूळ किती आणि दर विद्यार्थ्यामागे कमिशन किती, हे लेखी घ्या. फ्रीलान्स म्हणाले, तर विद्यार्थी नाही त्या आठवड्यात हाती शून्य. खोली, जेवण, तिकीट, पाडीचं वार्षिक सभासदत्व कोण भरणार तेही विचारा. 'इंटर्नशिप' शब्द दिसला की सावध, महिनोन्महिने सिलिंडर वाहायला लावतात आणि वर जेवणाचे पैसे घेतात.

गंगापूररोड:
पासपोर्टवर ईसीआरचा (नोकरीसाठी परदेशी जाताना सरकारी परवानगी लागते, असा) शिक्का नाही ना बघा, अशी परवानगी लागणाऱ्या देशांच्या यादीत थायलंड आहे. दहावीचं प्रमाणपत्र असेल तर अडचण नाही. रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारं यंत्र) डिनचा, म्हणजे आट्यांनी बसणारा घ्या, सोबत योकचा, म्हणजे वरून आवळून बसवायच्या जोडणीचा अडॅप्टर. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. आणि इंग्रजीच्या जोडीला जर्मन किंवा रशियन. जर्मनसाठी पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहेच. रिसॉर्टवाला दोन सारख्या अर्जांत भाषा येणारा आधी उचलतो.