ट्रॅक्टोग्राफीत हात-चेहऱ्याचे मोटर तंतू दिसत नाहीत

अक्षतंतू:
निरोगी मेंदूचा डीटीआय डेटा आहे (पाणी कोणत्या दिशेने पसरतं हे मोजणारा एमआरआय; त्यावरून तंतूंचे मार्ग रेघांनी काढणं म्हणजे ट्रॅक्टोग्राफी). ३ टेस्ला, ३२ दिशा, बी-व्हॅल्यू (पसरण टिपण्याची तीव्रता) १०००, व्हॉक्सेल (प्रतिमेचा त्रिमितीय ठिपका) २ मिमी. कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्टसाठी (मोटर कॉर्टेक्सपासून मज्जारज्जूकडे जाणारा गठ्ठा) सीड, म्हणजे रेघा सुरू करायची जागा, इंटर्नल कॅप्सूलच्या पोस्टिरियर लिंबमध्ये दिला. तंतू मेडुलाच्या (ब्रेनस्टेमचा सर्वांत खालचा भाग) पिरॅमिडमधून गेलेच पाहिजेत ही अट. एफएचा (एकाच दिशेने पसरण किती ठळक, ० ते १) खालचा उंबरठा ०.२, वळणाचा कमाल कोन ४५ अंश. रेघा वर फक्त पायाच्या भागात, म्हणजे मधल्या फटीलगत पोचतात. प्रिसेंट्रल जायरसच्या (मोटर कॉर्टेक्सची वळी) बाहेरच्या उतारावर, म्हणजे हात-चेहऱ्याच्या भागात, काहीच नाही. एफए ०.१ आणि कोन ७० केला की रेघा कॉर्पस कॅलोझममधून (मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारे तंतू) पलीकडे पळतात. डेटा खराब आहे का?

व्हॉक्सेलवाला:
डेटा नव्हे, टेन्सर मॉडेल तोकडं पडतंय. पायाचे तंतू जवळजवळ सरळ खाली उतरतात. हात-चेहऱ्याचे तंतू बाहेरून वळून येतात आणि सेंट्रम सेमिओव्हेलमध्ये (कॉर्टेक्सखालचा पांढरा भाग) त्यांना दोन गठ्ठे आडवे येतात: डावी-उजवीकडे जाणारे कॅलोझमचे तंतू आणि पुढून मागे जाणारा सुपीरियर लॉन्जिट्यूडिनल फॅसिक्युलस. २ मिमीच्या एका व्हॉक्सेलमध्ये लाखो अक्षतंतू असतात, पण टेन्सर त्या सगळ्यांची मिळून एकच मुख्य दिशा देतो. तीन दिशा मिसळल्या की एफए घसरतो आणि ती मुख्य दिशा कुणाचीच नसते. म्हणून उंबरठे सैल करून उपयोग नाही. रेघ चुकीच्या गठ्ठ्यात शिरते, तेच तुम्हाला दिसलं.

स्फेरिकल डीकन्व्होल्यूशन (एका व्हॉक्सेलमधल्या अनेक दिशा वेगळ्या काढणारं मॉडेल) करून पाहा. आठव्या ऑर्डरला (मॉडेलच्या बारकाव्याची पातळी) ४५ गुणांक लागतात, सहाव्याला २८. त्यामुळे ३२ दिशांत सहाव्यावर थांबा. बी १००० ला दिशांमधला फरक पुसट असतो, खोटी शिखरं येतील. नव्याने स्कॅन शक्य असेल तर बी २५०० ते ३००० आणि ६० च्या आसपास दिशा घ्या. मिडलाइनला कॅलोझमवर एक्सक्लूजन (तिथून जाणाऱ्या रेघा वगळण्याची अट) ठेवाच.

पेडंकल:
वरचं बरोबर, पण चेहऱ्याचं कारण अर्धंच आहे. चेहऱ्याचे तंतू कॉर्टिकोबल्बर. ते ब्रेनस्टेममधल्या केंद्रकांपाशी संपतात, फेशियल न्यूक्लियस तर पॉन्सच्या खालच्या भागातच आहे. पिरॅमिडची अट घातली की ते गाळले जाणारच, मॉडेल कितीही चांगलं असो. खालची अट सेरेब्रल पेडंकलवर (ब्रेनस्टेमच्या वरच्या भागातला खांब) आणा, तीही त्याच्या मधल्या भागावर. आतल्या बाजूला फ्रंटोपॉन्टाइन आणि बाहेरच्या बाजूला पराइटो-टेम्पोरो-ऑक्सिपिटो-पॉन्टाइन तंतू असतात. पूर्ण पेडंकल घेतला तर तेही येतील.

आणखी एक: ग्रेडियंटच्या (ज्या दिशांनी पसरण मोजली त्यांच्या तक्त्यातल्या) एखाद्या अक्षाचं चिन्ह उलटं पडलेलं नाही ना, बघा. रंगीत नकाशात (दिशेनुसार रंग, डावी-उजवी म्हणजे लाल) हे पकडता येत नाही, कारण रंग चिन्ह पाहतच नाही. कॅलोझम लालच दिसेल. प्रत्यक्ष व्हेक्टर काढून फोर्सेप्स मायनरच्या (कॅलोझमचे पुढे वळणारे तंतू) वळणावर तपासा, रेषा वळणाबरोबर फिरल्या पाहिजेत. हालचालीची दुरुस्ती केली असेल तर दिशांचा तक्ताही फिरवावा लागतो, आणि हे सर्रास राहून जातं.

अक्षतंतू:
पेडंकलवर अट आणल्यावर रेघा वाढल्या, तरी हाताकडे विरळच. रेघांच्या संख्येवरून तिथे तंतू कमी आहेत असं म्हणता येईल?

विच्छेदन मेज:
नाही. रेघांची संख्या सीडची घनता, मार्गाची लांबी, वळण आणि उंबरठे यांवर ठरते. अक्षतंतूंची ती मोजदाद नव्हे. क्लिंगलर पद्धतीच्या विच्छेदनातही हीच अडचण येते: फॉर्मलिनमध्ये मुरलेला मेंदू गोठवला की बर्फाचे स्फटिक तंतूंचे गठ्ठे सुटे करतात, पण बाहेरून सोलत गेलात तर करोना रेडिएटा (इंटर्नल कॅप्सूलपासून वर पसरणारे तंतू) दिसायच्या आधी सुपीरियर लॉन्जिट्यूडिनल काढून टाकावाच लागतो. एकाच जागी दोन्ही शाबूत दाखवता येत नाहीत.

गाठीशेजारी हे जास्त जपायला हवं. सुजेचं पाणी सगळ्या दिशांना सारखं पसरतं, त्यामुळे तंतू शाबूत असूनही एफए ०.२ च्या खाली जातो आणि रेघ तुटते. रेघ नाही म्हणून तिथे कापायला मोकळीक, असा अर्थ काढू नये. शस्त्रक्रियेत त्याचा निकाल थेट विद्युत उत्तेजनानेच लावतात.