अनुभव धागा: परदेश दौऱ्यांच्या आठवणी काढा

सिलीपॉइंट:
एका मॅचचा पहिला दिवस पावसात गेला, तरी समालोचक फॉलोऑनसाठी (मागे पडलेल्या संघाला लागोपाठ दुसरा डाव खेळायला लावायला) दोनशे धावांचीच आघाडी धरून बसले होते. लगेच १९७१ चं वेस्ट इंडीजमधलं सबिना पार्क आठवलं. तिथेही पहिला दिवस वाया गेला होता. आपले ३८७, विंडीज २१७, म्हणजे आघाडी १७०. खेळ सुरू होताना जेवढे दिवस उरतात तेवढ्याच दिवसांचा सामना धरायचा. चार दिवस उरले, म्हणून दीडशे पुरे. आपले कॅप्टन वाडेकर यांनी जाऊन फॉलोऑन दिलाय म्हणून सांगितलं आणि त्यांचा कॅप्टन सोबर्स चकित. असलं काही आठवत असेल तर टाका इथे.

मडगावकर:
३८७ झाले कसे तेही लिहा की! ५ बाद ७५ होते. सरदेसाई २१२. सोलकरबरोबर १३७, नवव्या विकेटला प्रसन्नाबरोबर १२२. आणि हो, सरदेसाईंचा जन्म मडगावचा. 😄

कुकरची_शिट्टी:
पण सामना सुटला अनिर्णितच ना? कन्हाय नाबाद १५८.

सिलीपॉइंट:
हो ताई, पण पुढची पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी जिंकली आणि मालिका १-० अशी खिशात.

लेगकटर:
सगळे ७१ वर उड्या मारतात. परदेशातला पहिला विजय १९६८ चा, ड्युनेडिन. ऑस्ट्रेलियात ४-० मार खाऊन टीम थेट न्यूझीलंडला गेली आणि ३-१ जिंकली. आपला स्पिनर प्रसन्ना, ऑस्ट्रेलियात २५ विकेट, न्यूझीलंडात २४. समोरून वारा असला की उंची दिलेला चेंडू रेटला जातो आणि बॅट्समनच्या अंदाजाआधीच खाली बसतो. पाठीमागून वारा असेल तर तोच चेंडू फुलटॉस होतो. म्हणून स्पिनरला टोक कुठलं द्यायचं हे झेंडा बघून ठरवावं. आजही कितीतरी कॅप्टन उलटं करतात.

पॅव्हेलियनच्या_मागे:
५२ च्या इंग्लंड दौऱ्याचं नाव काढलं की लोक हेडिंग्लेचे ४ बाद ० काढतात. खरी अब्रू गेली ओल्ड ट्रॅफर्डला, एकाच दिवसात दोनदा ऑलआऊट, ५८ आणि ८२! त्यांचा फास्ट बोलर ट्रूमन, ३१ धावांत ८ विकेट. तेव्हा खेळपट्ट्या उघड्या असायच्या. पाऊस पडून गेला की वरचा थर ऊन-वाऱ्याने सुकायला लागतो आणि खालची माती ओलीच. चेंडू एकदा छातीवर, एकदा घोट्यात. पुढे यायचं की मागे राहायचं, काहीच ठरवता येत नाही.

कुकरची_शिट्टी:
विनू मंकड होते का त्यात?

पॅव्हेलियनच्या_मागे:
पहिल्या कसोटीत नव्हते. लँकेशायर लीगमध्ये हॅस्लिंग्डन क्लबचे प्रोफेशनल (पगारी खेळाडू) होते. लॉर्ड्सला बोलावलं तर ७२, १८४ आणि एकाच डावात ७३ षटकं टाकून ५ विकेट. तरी हरलोच.

होळकर_फॅन:
सरवटे-बॅनर्जी कुणालाच नाही आठवले? १९४६ चा इंग्लंड दौरा, लंडनचं ओव्हल, सरे कौंटीविरुद्ध. ९ बाद २०५, पुढे शेवटच्या जोडीची २४९ ची भागीदारी. दहाव्या-अकराव्या नंबरवाले दोघंही शतकवाले. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दौऱ्यातले कौंटी सामने बंद केल्यापासून असलं काही घडायची सोयच उरली नाही. हल्ली दोन दिवस नेट्स की चालले थेट कसोटीत.

लेगकटर:
+१. चेंडूही बदलतो. इंग्लंडात वापरतात त्या ड्यूक चेंडूची शिवण सगळी हाताची, ती बराच वेळ उभी राहते. ऑस्ट्रेलियातल्या कुकाबुरा चेंडूच्या शिवणीच्या बाहेरच्या ओळी मशीनच्या, लवकर बसतात. चेंडू जुना होईपर्यंत गोलंदाजी केल्याशिवाय हे हाताला कळत नाही, आणि नेट्समध्ये तेवढा वेळ कोण देतो!

नातू_झोपलाय:
धागा अर्धाच वाचलाय. ७१ ला इंग्लंडविरुद्ध ओव्हललाही एक दिवस पावसात गेला होता ना, मग तिथेही दीडशेच?

सिलीपॉइंट:
नाही हो काका. तिथे दुसरा दिवस गेला. पहिला दिवस झालाय म्हणजे सामना पाच दिवसांचाच, दोनशेच लागणार.

नातू_झोपलाय:
असंय होय. त्या सामन्यात जेमिसन धावबाद झाला ते भारी होतं. लकहर्स्टचा सरळ फटका आपला बोलर चंद्रा (चंद्रशेखर) याच्या हाताला लागून स्टंपवर. नॉन-स्ट्रायकर जेमिसन क्रीजबाहेर! पुढे चंद्राचे ६/३८, इंग्लंड १०१.

कुकरची_शिट्टी:
आणि गणेश चतुर्थीला बेला हत्तीण मैदानात 🙏 प्राणिसंग्रहालयातून आणली होती.

मडगावकर:
विजयी चौकार इंजिनीअरचा ना?

होळकर_फॅन:
आबिद अलीचा. लकहर्स्टला कट मारून. इंजिनीअर पलीकडे नाबाद २८.