नकाशावर चढलं तेच नाव

ज्यानं शोधली त्याचंच नाव हिमनदीला मिळतं, असं म्हणतात, पण ते फार तर अर्धं खरं. अंटार्क्टिकातली बिअर्डमोर हिमनदी ब्रिटिश मोहीमवीर शॅकल्टनला १९०८ च्या डिसेंबरात सापडली, पण नाव पडलं मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या ग्लासगोच्या उद्योगपतीचं. तिथल्याच लॅम्बर्ट हिमनदीची गोष्ट तर त्याहून मजेशीर. १९४६-४७ मध्ये अमेरिकन नौदलाच्या 'ऑपरेशन हायजंप'मध्ये विमानातून त्या भागाचे फोटो काढले गेले. ते पुढ्यात घेऊन जॉन रॉस्को या भूगोलतज्ज्ञानं १९५२ मध्ये हिमनदीची हद्द आखली. म्हणजे सुमारे ४०० किलोमीटर लांबीची, काही ठिकाणी परभणी-नांदेड अंतराहून रुंद हिमनदी कागदावर आली ती फोटो बघून! त्यानं नाव ठेवलं 'बेकर थ्री', फोटो काढणाऱ्या विमानाचं आणि त्यातल्या माणसांचं. पण ते छापील नकाशावर कधी आलंच नाही. १९५६ ला ऑस्ट्रेलियानं तिथं मोजणी केली, १९५७ ला आपल्या राष्ट्रीय नकाशा विभागाचे संचालक ब्रूस लॅम्बर्ट यांचं नाव लावलं, आणि तेच टिकलं.

आमच्या परभणीकडच्या वावराचंही असंच आहे. सगळं गाव त्याला 'चिंचेचं' म्हणतं (चिंच आजोबांच्या काळातच वाळली), पण पीकविमा भरायला गेलं की गट नंबरच सांगावा लागतो. आणि हो, लॅम्बर्टचा बर्फ शेवटी ज्या प्रिड्झ उपसागराकडे सरकतो, त्याच उपसागराच्या काठी, लार्समन टेकड्यांवर, २०१२ पासून आपलं 'भारती' हे संशोधन स्थानक आहे.