मदत हवी आहे : केटामाइन उपचाराच्या पहिल्या सत्राची तयारी

माझ्या थोरल्या बहिणीचे नैराश्य नेहमीच्या औषधांना दाद देत नसल्याने तिच्या मनोविकारतज्ज्ञांनी शिरेवाटे केटामाइन देण्याचे ठरवले आहे आणि पहिल्या सत्राला सोबत मी जाणार आहे. मूळचे भुलीचे असलेले हे औषध नैराश्यासाठी बहुधा वजनाच्या दर किलोमागे 0.5 मिलिग्रॅम या प्रमाणात सुमारे 40 मिनिटांत देतात, त्या वेळी रक्तदाब काही काळ वाढू शकतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाहन चालवायचे नसते, एवढे मला समजले आहे. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. ती त्या सकाळी घ्यावी की नाही आणि किती तास उपाशी राहावे, हे डॉक्टरांनाच विचारणार आहे.

मला खरी काळजी वेगळीच आहे. आपण शरीरापासून सुटे झालो आहोत, काळ थांबला आहे, असे त्या अवस्थेत वाटू शकते, आणि ती मुळातच घाबरट आहे. ज्यांनी स्वतः हा उपचार घेतला किंवा जवळच्या माणसाला सोबत केली, त्यांनी कृपया सांगावे : आदल्या रात्री मनाची तयारी कशी केली? डोळ्यांवरची पट्टी आणि शांत संगीत यांचा उपयोग झाला का? तिने घाबरून हाक मारली, तर मी बोलत राहावे की नुसता हात धरून बसावे?