‘सीबिस्किट’ पाहिलात? भावला की उठून गेलात?

रविवारी घरी ‘सीबिस्किट’ (2003) हा घोड्यांच्या शर्यतींवरचा सिनेमा लावला आणि दोन तट पडले. 1938 ची, अमेरिकेतल्या पिम्लिको रेसकोर्सवरची शर्यत. सीबिस्किट आणि वॉर अ‍ॅडमिरल, दोनच घोडे. घंटा होते, घोडे सुटतात आणि पडद्यावर काय, तर रेडिओला कान लावून बसलेल्या माणसांचे जुने फोटो! “मी काय अल्बम बघायला बसलोय?” म्हणत नवरा चहा टाकायला गेला. सासूबाई मात्र पदराने डोळे टिपत होत्या. मी सासूबाईंच्या बाजूची. त्या दिवशी कोट्यवधी अमेरिकनांनी ती शर्यत नुसती ऐकलीच होती, पाहिली कुठे? तुमचं काय झालं ते लिहा. नुसतं ‘मस्त’ किंवा ‘बोअर’ नको.

पुण्याहून
माझे मामा रेसकोर्सवर मोतद्दार होते, त्यामुळे जॉकीकडे माझं लक्षच जात नाही. ख्रिस कूपरचा टॉम स्मिथ, म्हणजे सीबिस्किटचा प्रशिक्षक, घोड्याशेजारी नुसता उभा राहतो ना, ते अस्सल. मामा घरात दिवसाला दहा शब्द बोलायचे, खरारा करताना मात्र अखंड पुटपुटायचे. बिथरलेल्या घोड्याला सोबत म्हणून ठाणात बकरी सोडतात आणि ती बाहेर भिरकावली जाते, तिथे मी एकटाच मोठ्याने हसलो. तक्रार एकच. सीबिस्किटच्या कामाला वेगवेगळे घोडे वापरलेत आणि ते कळतं. चाल लपत नाही हो!

नागपूरहून, पुस्तक आधी वाचलेली
लॉरा हिलेनब्रँड यांचं पुस्तक आधी वाचलं, हीच चूक. सिनेमातला वॉर अ‍ॅडमिरल राक्षसासारखा उंच. प्रत्यक्षात दोघे साधारण एकाच उंचीचे. मालक हॉवर्ड यांना एकच मुलगा दाखवलाय, खरं तर आणखी होते. जॉकी पोलार्डचं घर 1929 च्या मंदीने मोडतं म्हणे. तो त्याआधीच घराबाहेर पडलेला होता. काय गरज होती? मुळातच सीबिस्किट बुटका, गुडघ्यांत वाकडा, 8000 डॉलरला विकलेला. शिवाय वॉर अ‍ॅडमिरल हा ‘मॅन ओ’ वॉर’चा मुलगा आणि सीबिस्किट नातू. म्हणजे शर्यत काका-पुतण्याची! आपल्याकडे याच्यावर तीन अंकी नाटक झालं असतं.

ठाण्याहून
घोडा यायच्या आधी झोप आली. जाग आली तेव्हा घोडा जिंकत होता.

लालबागची, आता डोंबिवली
मला हा सिनेमा आवडला नाही आणि त्यात सिनेमाचा दोष नसेल. 1982 च्या संपात वडिलांची गिरणी सुटली. त्यानंतर ते दर रविवारी महालक्ष्मीला जायचे, खिशात रेसचं पुस्तक आणि कानामागे पेन्सिल. आईने मंगळसूत्रातले मणी सोडून बाकी सोनं एकेक करून मोडलं. सिनेमात बेकार माणसं कुंपणाबाहेर उभी राहून टोप्या उडवतात आणि मागे संगीत चढत जातं. आमच्या चाळीत रविवारी संध्याकाळी कुणी टोपी उडवली नाही. घरी येताना वडिलांच्या चपलांचा आवाज ऐकूनच कळायचं, आज काय झालं ते. वरच्या ताईंच्या सासूबाईंना माझा नमस्कार, पण ते फोटो आले तेव्हा मी त्यांतल्या बायका शोधत होते.

कोल्हापूरहून
ताई, तुमचं वाचून थोडा वेळ थांबलो. माझं वेगळंच आहे. लहानपणी विटीदांडूत माझा एक डोळा गेला. पोलार्ड एका डोळ्याने आंधळा असतो, ते लपवतो आणि सांता अनिता रेसकोर्सवर त्याच बाजूने दुसरा घोडा पुढे काढतो. नाकभर फरकाने शर्यत जाते. चिडलेला स्मिथ जाब विचारतो, तेव्हा पोलार्ड खरं ओरडून टाकतो. मी पहिल्या नोकरीत चार वर्षं हेच केलं. टेबल मुद्दाम भिंतीला लावून घेतलं, म्हणजे त्या बाजूने कुणी यायलाच नको. हॉवर्ड त्याला काढत नाही, हे लोकांना गुळमट वाटतं. मला विचारा. माझे साहेब कळल्यावर एवढंच म्हणाले, “मग टेबल फिरवून घे की.”
पोलार्डच्या कामातला टोबी मॅग्वायर जॉकीच्या मानाने जरा उंच वाटतो, हे मात्र मान्य. दुसऱ्या जॉकीच्या, वुल्फच्या कामात गॅरी स्टीव्हन्स खराखुरा जॉकी आहे, त्याची बैठक बघा!

लॉस एंजेलिसहून
सांता अनिता आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. तिथे सीबिस्किटचा ब्राँझचा पुतळा आहे. आई भारतातून आली तेव्हा आदल्या रात्री सिनेमा दाखवून दुसऱ्या दिवशी तिला तिथे नेलं. तिला शर्यती कळल्या नाहीत, पोलार्डच्या मोडलेल्या पायाची तेवढी काळजी लागली होती. पुतळ्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, “एवढासाच होता?” मग वाकून त्याचे गुडघे बघत बसली.